पाया खणण्याआधी करार: सोलापुरातल्या बांधकामावर युनियनशी लेखी समझोता कसा करायचा

होटगी रस्त्यावर एका चार मजली इमारतीवर मी सुपरवायझर होतो. तिसऱ्या स्लॅबचा दिवस. सळई बांधून झालेली, पंप लागलेला, काँक्रीटच्या गाड्या सकाळी सातला सांगितलेल्या. साडेसहाला पोचलो तर सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबखालचे साचे आणि टेकू लावणारी माणसं खाली विटांच्या चळतीवर बसलेली. स्लॅब भरताना टेकू बघायला खाली ही माणसं लागतातच, त्यांच्याशिवाय काँक्रीट ओतायचं म्हणजे जिवाशी खेळ. तीन आठवड्यांचा हिशेब अडकला होता. मुकादम म्हणे ठेकेदारानं दिले नाहीत, ठेकेदार म्हणे बिल्डरनं बिल काढलं नाही, आणि बिल्डर गावात नव्हता. दुपारपर्यंत दोन गाड्यांचा माल शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ओतावा लागला. त्या मालाची किंमत आणि पंपाचं दुसऱ्यांदा भरलेलं भाडं यांची बेरीज मी नंतर केली. अडकलेल्या मजुरीपेक्षा ती फारशी कमी नव्हती.

त्यानंतर कधी ठेकेदाराच्या बाजूनं, कधी कामगारांच्या बाजूनं, अशा बऱ्याच बैठकांना बसलो. मुकादमांचं ठरलेलं वाक्य ऐकून कान किटले: "कागद कशाला करायलाव साहेब, आपला शब्द हाय की!" शब्द असतोच. पण एका कामावर चार पायऱ्या असतात: मालक, मुख्य ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम. शब्द दिलेला माणूस वरच्या पायरीवर आणि घाम गाळणारा खालच्या. म्हणून हा लेख.

हा करार म्हणजे नेमकं काय

अमेरिकेत मोठ्या बांधकामांवर 'प्रोजेक्ट लेबर ॲग्रीमेंट' नावाची पद्धत आहे. काम सुरू होण्याआधीच बांधकाम क्षेत्रातल्या युनियन आणि काम करवून घेणारे एकत्र बसतात. मजुरी, तास, सुरक्षितता, तंटे कसे सोडवायचे हे त्या एका प्रकल्पापुरतं लिहून काढतात, आणि तिथं येणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला तो कागद लागू होतो. बदल्यात युनियन लिहून देते की काम बंद पडणार नाही. ग्रँड कूली धरणासारख्या १९३० च्या दशकातल्या कामांवर असे करार झाले. बॉस्टन बंदराच्या सफाईच्या प्रकल्पावरून वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९३ मध्ये निकाल कराराच्या बाजूनं लागला. २०२२ मध्ये तिथल्या सरकारनं साडेतीन कोटी डॉलर आणि त्याहून मोठ्या केंद्रीय बांधकामांसाठी असा करार धरून चालण्याचा आदेश काढला. विरोधही आहे. युनियनबाहेरच्या ठेकेदारांना यात दार बंद होतं आणि खर्च वाढतो, अशी तक्रार तिथं सतत होते. ती पूर्ण खोटी नाही, पुढे तिच्याकडे येतो.

आपल्याकडे हे नाव नाही, पण साधन आहे: युनियन आणि मालक यांच्यातला लेखी समझोता. सोलापूरला तो शिकवायची गरज नाही. गिरण्यांचे भोंगे ऐकत वाढलेली पिढी अजून आहे. विडी कामगार बायकांनी संघटनेच्या जोरावर कुंभारीत दहा हजार घरांची वसाहत उभी केली, आणि तिथंच रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पहिल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. त्या घरांसाठी कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी किती वर्षं घालवली हे शहराला माहीत आहे. मात्र कामगारांच्या घरांसाठी एवढं भांडलेल्या या शहरात घरं बांधणारा गवंडी स्वतः अजून तोंडी बोलीवर राबतो. कारण सरळ आहे. गिरणीला एक फाटक होतं, बांधकामाला नाही. आज बाळ्यात, उद्या जुळे सोलापुरात, परवा अक्कलकोट रस्त्यावर.

पहिली पायरी: वेळ साधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि सगळ्यात जास्त चुकते तीही हीच. करार ठेकेदारानं दर भरण्याआधी व्हायला हवा, निदान मसुदा तरी. एकदा त्यानं चौरस फुटाचा दर भरला की मजुरीचा आकडा त्यात गोठला. मग तुम्ही दुप्पट ओव्हरटाइम मागा, पाळणाघर मागा, त्याच्या खिशातून जाणार म्हणून तो अडूनच बसणार. आधी मागितलं तर तो ते दरात धरतो आणि सगळेच ठेकेदार धरतात. मजुरीत काटछाट करून कमी दर भरणाऱ्याचा डाव तिथंच संपतो. सरळ धंदा करणाऱ्या ठेकेदाराला कराराचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि हे त्याला पटवून सांगावं लागतं, कारण युनियन शब्द ऐकला की त्याच्या डोळ्यांपुढे आधी झेंडा येतो.

मालक म्हणून वाचत असाल तर निविदेच्या अटींतच एक ओळ घाला: "या कामावरील कामगारविषयक समझोता मुख्य ठेकेदार व त्याच्या सर्व पोटठेकेदारांवर बंधनकारक राहील."

दुसरी पायरी: टेबलाभोवती कोण

मुकादम आणि युनियनचा माणूस एवढ्यांनीच बसून केलेला करार मी फाटताना पाहिलाय. मुकादम बदलला की संपलं. सह्या हव्यात मालकाच्या, मुख्य ठेकेदाराच्या आणि युनियनच्या. पोटठेकेदारानं कामावर येताना करार मान्य असल्याचं पत्र द्यायचं. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायदा तशीही मालकापर्यंत नेतो. करारात तेच तारखांसकट लिहिलं की मालक बिलं वेळेवर काढतो.

युनियन नोंदणीकृत आहे का, हे मागून बघा. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, आणि आस्थापनेतल्या कामगारांच्या १० टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी तेवढे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेलीला वाटाघाटीचा हक्क मिळतो. म्हणून सभासद यादी हजेरी वहीशी ताडून ठेवा.

एक खबरदारी. लेटरहेड छापून गेटवर येणारे आणि 'काम शांततेत चालू द्यायचं असेल तर' अशी सुरुवात करणारे लोकही असतात. ते हप्ता मागायला आलेले असतात. ओळखायची खूण: त्यांना मजुरांची नावं माहीत नसतात.

तिसरी पायरी: आधी वही, मग मागणी

पहिल्या बैठकीला जाण्याआधी पंधरा दिवस हजेरी नीट लिहा. नाव, गाव, काम, आल्या-गेल्याची वेळ, घेतलेली उचल. आपल्याकडे एकाच स्लॅबखाली तेलुगू बोलणारा सळईवाला, कलबुर्गीकडचा कन्नड गवंडी, मंगळवेढ्याची बिगारी बाई आणि बिहारचा टाइल्सवाला असतो. प्रत्येक गटाचा एक माणूस बोलणीत हवा, एक तरी बाई हवीच. नाहीतर करार गवंड्यांचा होतो आणि बिगारी तशीच राहते.

चौथी पायरी: कलमं

इथं घाई करू नका.

*मजुरी.* बांधकामासाठी राज्यानं ठरवलेलं किमान वेतन ही तळाची पायरी. त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. करारातला दर त्याच्याशी जोडून ठेवा, म्हणजे दर सहा महिन्यांनी नवं भांडण नको. कुशल, अर्धकुशल, अकुशल यांत कोण कुठे बसतो ते कामाच्या नावानिशी लिहा. पाच वर्षं थापी धरणाऱ्याला 'अर्धकुशल' म्हणून वापरायची जुनी खोड आहे. आणि एकाच कामाला बाई-पुरुष एकच दर, हे वेगळ्या ओळीत.

*अंगावरचं काम.* प्लास्टर, टाइल्स, सेंट्रिंग बहुधा मापावर असतं आणि तंटे दरापेक्षा मापावरून होतात. खिडकी-दरवाज्याची वजावट करायची का? सरकारी मोजमापाच्या पद्धतीत अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावट करत नाहीत. खाजगी कामावर जो जोरात बोलेल त्याचं खरं. म्हणून लिहा: माप दर शनिवारी, दोघांच्या समोर, वहीवर दोघांची सही, वजावटीचा नियम अमुक. शिवाय मापानं कितीही निघो, दिवसाचं किमान वेतन सुटलंच पाहिजे.

*हिशेबाचा वार.* वेतन संहितेप्रमाणे आठवड्याचा पगार साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी द्यायचा असतो, महिन्याचा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. कामावरून काढलं किंवा स्वतः सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता. पैसे शक्यतो थेट कामगाराच्या खात्यावर, मुकादमाच्या हातून नको. मुकादमाचं कमिशन ठेकेदारानं वेगळं द्यावं. यावर मुकादम रुसतात, पण रुसू द्या.

*उचल.* बिनव्याजी, वहीत लिहिलेली, आणि दर हिशेबातून किती कापायची ते ठरलेलं. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, ही कायद्याचीच मर्यादा आहे.

*ओव्हरटाइम आणि स्लॅब.* स्लॅब अर्ध्यात थांबत नाही, म्हणून त्या दिवशी रात्र होणार हे धरूनच चाला. समजा रोज ८०० रुपये आणि दिवस आठ तासांचा, म्हणजे तासाला १००. सकाळी आठ ते रात्री दहा, मध्ये एक तास जेवण, एकूण १३ तास काम. आठ तासांचे ८००, वरच्या पाच तासांचे दुपटीनं १,०००. त्या दिवसाचे १,८०० झाले. स्लॅबच्या रात्री मटणाचं जेवण घालायची आपली रीत छानच आहे, पण ओव्हरटाइमच्या रकान्यात मटण लिहिलेली वही मी स्वतः पाहिलीय. ते चालत नाही.

*उन्हाळा.* सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो, आणि स्लॅबवर सळईला हात लावला तर भाजतो. हे कलम पुण्या-मुंबईच्या मसुद्यात सापडणार नाही, स्वतः लिहा: "१ एप्रिल ते १० जून या काळात कामाची वेळ सकाळी ६:३० ते ११ व दुपारी ३:३० ते ७ राहील." तास आठच भरतात, माणूस चक्कर येऊन परांचीवरून पडत नाही. पिण्याचं पाणी वेगळ्या झाकलेल्या टाकीत. शहरात नळ काही दिवसांआड येतो, त्यामुळे क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीट भिजवायच्या टाकीतलंच पाणी माणसं पितात. टँकर कुणी मागवायचा, बिल कुणाचं, तेही लिहा.

*सुट्ट्या.* गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीच्या मध्याला निम्मी साइट रिकामी होते. वेळ अमावस्येला अक्कलकोटकडची माणसं शेतावर जातात, ईदला वेगळी, आषाढीला वेगळी. वर्षाच्या सुरुवातीला यादी करून भिंतीवर लावली तर अभियंता त्या तारखांना स्लॅब धरतच नाही. याचा फायदा मालकालाच जास्त.

*सुरक्षा.* हेल्मेट आणि बूट ठेकेदाराच्या खर्चानं, उंचीवर कमरेचा पट्टा आणि तो अडकवायला दोरी. नुसता पट्टा घालून हिंडणारे बरेच दिसतात. परांचीची रोज सकाळी तपासणी आणि तपासणाऱ्याची सही. एक ओळ मी आग्रहानं घालतो: "जागा धोक्याची वाटल्यास कामगार काम थांबवू शकेल व त्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही." सूचना मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदीत लावा. पाळणाघराची सक्ती कायदा पन्नास कामगारांच्या आकड्यावर आणतो, पण आठ बायका असल्या तरी सावलीची एक खोली आणि पोरं सांभाळायला रोजावर एक बाई ठेवा. वाळूच्या ढिगावर खेळणारं पोर आणि मागे येणारा डंपर या दोन गोष्टी एका आवारात नकोत.

*काम बंद न पडण्याचं वचन आणि तंटा.* मालक करारावर सही करतो ती या कलमासाठी, म्हणून युनियननं ते स्वस्तात देऊ नये. समझोता चालू असताना त्यात आलेल्या मुद्द्यांवर संप करणं कायद्यानं बेकायदा ठरतं, आणि एरवीही संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. म्हणजे जे लिहून दिलं त्यावर नंतर उठता येणार नाही, हे प्रत्येक कामगाराला सहीआधी समजावून सांगा. बदल्यात वेगवान तंटा-व्यवस्था मागा: पहिल्या दिवशी सुपरवायझर, दोन दिवसांत मुख्य ठेकेदार आणि युनियन, पाच दिवसांत मालकासमोर. तोवर काम चालू, आणि वादातली नसलेली मजुरी वेळेवर. वीस किंवा जास्त कामगार असतील तर दोन्ही बाजूंचे समान सदस्य असलेली तक्रार निवारण समिती कायद्यानं नेमावीच लागते. तिलाच हे काम द्या, दुसरी कमिटी कशाला?

*बाहेरचे कामगार.* अमेरिकेतली तक्रार आठवा. युनियनचा सभासद असेल तरच कामावर, अशी अट घालू नका. दर आणि सोयी सगळ्यांना सारख्या ठेवा. सभासद व्हायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवेल.

पाचवी पायरी: सही कुठे करायची

यात कायद्याची एक खुबी आहे. आपापसात बसून केलेला समझोता सह्या करणाऱ्या पक्षांपुरताच बांधील असतो. तोच समझोता समेट अधिकाऱ्यासमोर (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी), म्हणजे सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून सुरू झालेल्या समेटाच्या कारवाईत झाला, तर त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, नंतर कामावर येणाऱ्यांनाही. बांधकामावर दर महिन्याला चेहरे बदलतात, त्यामुळे या फरकाला फार किंमत आहे. थोडे हेलपाटे होतील, पण समेटातच करा.

दुसरा फायदा वसुलीचा. समझोत्याप्रमाणे येणं असलेली रक्कम मिळाली नाही तर वर्षाच्या आत शासनाकडे अर्ज करता येतो, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. तोंडी बोलीला हा रस्ता नाही.

मुदत कामाइतकी ठेवा, "काम पूर्ण होईपर्यंत व अंतिम हिशेब चुकता होईपर्यंत" अशी. नुसती तारीख घातली आणि काम रखडलं तर शेवटचे दोन मजले कराराबाहेर राहतात.

सहावी पायरी: मंडळ आणि उपकर

बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर मालकाकडून घेतला जातो. पाच कोटींच्या कामाला पाच लाख. तो महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो आणि त्यातून नोंदीत कामगारांच्या मुलांना शिक्षणासाठी मदत, बाळंतपण, आजारपण अशा योजना चालतात. कामावर असताना मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख. पण नोंदणीला वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि घोडं तिथंच अडतं. पैसा मालकानं भरलेला असतो, कामगार साइटवर असतो, आणि दाखल्यासाठी तो एजंटाला पैसे मोजतो.

करारात दोन ओळी घाला. ९० दिवस भरले की ठेकेदार आठ दिवसांत विनामूल्य दाखला देईल. आणि महिन्यातून एकदा साइटवरच नोंदणी-नूतनीकरणाचे अर्ज भरले जातील. कामावर घेताना नियुक्तिपत्र द्यायचं, हे नव्या संहितेत आलंच आहे. तेही दाखल्याला पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

सातवी पायरी: कागद जिवंत ठेवणं

कराराची मोठ्या अक्षरातली प्रत सिमेंटच्या गोदामाबाहेर लावा. दर महिन्याला अर्धा तास बैठक, तीन प्रश्न: कुणाचं येणं राहिलंय, कुठली जागा धोक्याची आहे, पुढच्या महिन्यात किती माणसं कमी-जास्त. तिसरा प्रश्न विसरतात. स्लॅब संपले की सळईवाले नको होतात आणि टाइल्सवाले हवेत. हे आधी कळलं तर युनियन दुसऱ्या साइटवर माणसं लावून देते, आणि तेच लोक पुढच्या कामाला परत येतात. हात ओळखीचे असले की प्लास्टर दुसऱ्यांदा फोडावं लागत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीचा आकडा वाढतो, हे लपवू नये. पण माझ्या त्या दोन गाड्यांचा हिशेब कुठल्याच निविदेत धरलेला नव्हता.

काम उतरतं तेव्हा शेवटच्या पंधरवड्यात अंतिम हिशेबाची यादी करा: राहिलेली मजुरी, ओव्हरटाइम, उचलीची वजाबाकी. मालकानं ठेकेदाराची अनामत सोडण्याआधी या यादीवर युनियनची 'येणं बाकी नाही' अशी सही घ्यावी, हे कलम करारातच असू द्या. ९० दिवसांच्या दाखल्यावर तारखा हजेरी वहीप्रमाणे घाला, कामाचा पत्ता आणि बांधकाम परवान्याचा क्रमांक लिहा, दोन झेरॉक्स काढा. एक कामगाराकडे, एक युनियनच्या फायलीत. गावाकडे परतलेला माणूस सहा महिन्यांनी फोन करतो, "साहेब, कागद हरवला." तेव्हा ती फाईल लागते.